माळढोकाचा जमाखर्च



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवत. त्यामुळे वन्यप्राण्यांवर बोलायला उभा राहून मी थोडी आकडेमोड केली, तर निदान त्यांच्या विद्यार्थ्यांनी तरी ती सोसावी. सुरुवात दोन आकड्यांनीच करतो.

पहिला आकडा ८,४९६. सरकारने १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य जाहीर केले, त्याचे हे क्षेत्र, चौरस किलोमीटरमध्ये. अख्खा रायगड जिल्हा याहून लहान आहे. सोलापूर जिल्ह्याचा मोठा भाग आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या तालुक्यांतला प्रदेश त्यात धरला गेला. गावठाणे, बाजारपेठा, विहिरी, शाळा, एसटीचे थांबे, सगळे अभयारण्यात! बिगरशेती परवाना असो, कारखाना असो की रस्ता, प्रत्येक कागदावर माळढोकाची सावली पडू लागली. या पट्ट्यातल्या कित्येक शेतकऱ्यांनी हा पक्षी जन्मात पाहिला नव्हता, पण त्याच्या नावाने चरफडायला मात्र ते शिकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आले.

दुसरा आकडा २.१७. आपल्याच कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याचे हे क्षेत्र. ते १९८० सालचे, म्हणजे माळढोक अभयारण्याच्या पाठोपाठचे. दोनशे सतरा हेक्टर. एखाद्या मध्यम गावाचे शिवार याहून मोठे असते.

आता निकाल पाहा. रेहेकुरीत आज गेलात तर बाभळी-हिवरांच्या आडून काळविटांचे कळप दिसतात, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना ते नको तितके दिसतात. माळढोक नगर जिल्ह्यातून गेला. सोलापूरजवळ नान्नजला, जिथे एकेकाळी देशभरातून लोक तो पाहायला येत, तिथे अलीकडच्या वर्षांत एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. रायगडाएवढ्या अभयारण्यातला प्राणी जवळजवळ संपला आणि शिवाराएवढ्या अभयारण्यातला टिकला. असे का झाले, हे सांगणारे एक शास्त्र आहे. त्याविषयी आज बोलायचे आहे.

प्राण्यांचा एखादा समूह पुढची पन्नास किंवा शंभर वर्षे तगेल याची शक्यता किती, हे काढण्याचे हे शास्त्र. त्याची रीतसर सुरुवात अमेरिकेत झाली. मार्क शॅफर या तरुण संशोधकाने १९७८ साली यलोस्टोनच्या ग्रिझली अस्वलांवर प्रबंध लिहिला. त्याने अस्वलांची संख्या सांगून थांबण्याऐवजी संगणकाला विचारले की या समूहाचे पुढे काय होईल? आणि हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. प्रत्येक वेळी जन्म, मृत्यू, नर-मादी, चांगले साल, वाईट साल हे सारे नशिबावर सोडले. हजार वेळा खेळ खेळला आणि त्यात तीनशे वेळा समूह संपला, तर नामशेष होण्याची शक्यता तीस टक्के. पुढे शिकागोच्या प्राणिसंग्रहालय संस्थेतल्या रॉबर्ट लेसी यांनी याच कामासाठी ‘व्हॉर्टेक्स’ नावाची प्रणाली केली. ती आज जगभर, रानातल्या आणि पिंजऱ्यातल्या अशा दोन्ही प्राण्यांसाठी वापरली जाते. व्हॉर्टेक्स म्हणजे भोवरा. समूह लहान झाला की तो लहान असल्यामुळेच आणखी लहान होत जातो, हा तो भोवरा.

हे आपल्या दुकानदारांना पटकन कळेल. गल्ल्यात आज किती आहे यावरून धंदा चालेल की बुडेल हे ठरत नाही, त्यासाठी जमाखर्चाची वही लागते. आपण मात्र वर्षानुवर्षे फक्त गल्ला मोजत आलो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायचे आणि सकाळी आकडा छापून आणायचा. त्यात मौज आहे, तरुण मुले त्या निमित्ताने रानात एक रात्र काढतात, माझा त्याला विरोध नाही. पण त्या आकड्यावरून समूह तगेल की नाही हे सांगता येत नाही.

माळढोकाची वही उघडू. मादी वयात यायला तीन-एक वर्षे घेते. साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या माळावर, जमिनीवर. सुमारे सत्तावीस दिवस एकटीच उबवते. नराला घरसंसाराशी देणेघेणे नाही. माळावरची ठरलेली जागा धरून, गळ्याची पिशवी फुगवून, लांबवर ऐकू जाईल असा घुमणारा आवाज काढायचा, एवढेच त्याचे काम. मादीचे अंडे कुत्र्याने, कोल्ह्याने, कावळ्याने उचलले किंवा मेंढरांच्या खुराखाली गेले, की ते वर्ष बहुधा वाया.

आता साधा हिशेब करा. वयात आलेल्या दहा माद्यांपैकी दर वर्षी एक मरते असे धरले, तर एका मादीला सरासरी दहा वर्षे मिळतात. दहा वर्षांत दहा अंडी, त्यांतली निम्मी मादी, म्हणजे पाच मुली. समूह जागच्या जागी राहायला यांतली एक मुलगी वयात येईपर्यंत जगली पाहिजे. पाचांत एक. अवघड आहे, पण जमणारे आहे. आता दहांतली एक नव्हे, दर वर्षी दोन मरतात असे धरा. आयुष्य निम्म्यावर आले, पाच वर्षे. अंडी पाच, मुली अडीच. आता अडीच मुलींतली एक जगवायची. उघड्या माळावर हे प्रमाण गाठणे जवळजवळ अशक्य. दहांत एक जास्तीचा मृत्यू, बस्स, एवढ्याने वही उलटी होते. आणि नुसती गणना करणाऱ्याला पहिली काही वर्षे फरकही दिसत नाही, कारण म्हाताऱ्या माद्या अजून माळावर फिरत असतात.

हा माझा फळ्यावरचा हिशेब झाला. खरा, सविस्तर हिशेब सुतीर्थ दत्ता, असद रहमानी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. माळढोकाच्या समूहांवर हेच शास्त्र वापरून त्यांनी दाखवले की हा पक्षी तगेल की नाही, हे मुख्यतः वयात आलेल्या मादीच्या जगण्यावर ठरते. दहा-बारा पक्ष्यांचे विखुरलेले समूह फार अनुकूल गृहीते धरली तरच टिकताना दिसतात. आणि माणसामुळे होणाऱ्या मृत्यूंची थोडी भर घातली, की त्याहून मोठे समूहही संपतात. रहमानी १९८० च्या दशकापासून या पक्ष्यामागे होते. नान्नजचा माळ आणि मध्य प्रदेशातले करेरा त्यांनी बारकाईने पाहिले होते. करेऱ्याला १९८१ साली अभयारण्य झाले आणि त्यानंतर दीड दशकाच्या आत तिथला माळढोक संपला.

माणसामुळे होणारे मृत्यू म्हणजे आता केवळ बंदूक नव्हे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना. तो उडताना खाली, बाजूला पाहतो, समोरचे त्याला नीट दिसत नाही. दहा-पंधरा किलोचे धूड, वळायला वेळ लागतो, आणि समोर उच्चदाबाच्या वीजतारा. राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात पवनचक्क्या आणि सौरऊर्जा प्रकल्पांच्या तारांवर आदळून हे पक्षी मरू लागले. वन्यजीव-संवर्धक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो बराच सैल केला. हवामानबदल रोखायला सौरऊर्जाही हवी, हा युक्तिवाद खोटा नाही. पण मघाचा हिशेब लक्षात ठेवून ऐका. एका तारेवर वर्षाला एक मादी, एवढा ‘क्षुल्लक’ मृत्यू पन्नास पक्ष्यांच्या समूहाला क्षुल्लक नसतो.

आपल्याकडे तारांच्या आधी पाणी आले. कुकडीचा, घोडचा कालवा आला, बोअर आले, आणि ज्वारी-करडई-हरभऱ्याच्या जागी ऊस उभा राहिला. ज्वारीच्या रानात माळढोक टोळ वेचत फिरे, भुईमुगाच्या शेंगा खाई. बारा महिने उभ्या असलेल्या उसात त्याला पाऊल टाकायला जागा नाही. उसाचा दोष काढायला मी आलेलो नाही. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने पाणी आल्यावर ऊस लावू नये, हे मुंबई-पुण्यात बसून सांगणे सोपे आहे. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. उरलेल्या गवताळ माळांना सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणायचे, त्यावर गिरिपुष्प लावायचे आणि हिरवाई वाढली म्हणून पाठ थोपटून घ्यायची. माळढोकाला झाड नको असते, त्याला मोकळे गवत हवे असते. पवन्या, कुसळी, मारवेल असलेला माळ हे त्याचे जंगल. त्यावर झाडे लावणे म्हणजे त्याचे घर मोडणे.

काळवीट का टिकला, ते आता सहज सांगता येईल. त्याची मादी दीड-दोन वर्षांत वयात येते आणि वर्षाला एक, कधी दोन वर्षांत तीन पाडसे देते. ज्वारी, हरभरा, मका असे शेतातले पीक तिला उपासमारीच्या महिन्यांत तारते. दोनशे सतरा हेक्टरांत काळवीट तगला असे म्हणणे खरे तर चूक आहे. तो रेहेकुरीत झोपतो आणि कर्जतच्या शेतकऱ्याच्या रानात जेवतो. हा खर्च वनखात्याच्या अंदाजपत्रकात कुठे नसतो, तो शेतकऱ्याच्या वहीत असतो. नुकसानभरपाई वेळेवर, पूर्ण आणि हेलपाटे न घालायला लावता मिळाली, तर रेहेकुरीच्या संरक्षणावर केलेला तोच सर्वांत शहाणा खर्च ठरेल.

पण वाढलेला आकडा पाहून निश्चिंत राहण्याचे कारण नाही. याच विषयातली एक गोष्ट शास्त्रज्ञ नेहमी सांगतात. अमेरिकेच्या मार्थाज् व्हिनयार्ड बेटावर हीथ हेन नावाचा गवताळ रानातला पक्षी उरला होता, शंभरहून कमी. १९०८ साली त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केले. संख्या भराभर वाढून १९१५-१६ च्या सुमारास दोन हजारांवर गेली. लोकांनी आनंद केला. मग विणीच्या हंगामात वणवा लागला, अंड्यांवरच्या माद्या जळाल्या, पाठोपाठ कडक हिवाळा, शिकारी पक्ष्यांची धाड, पाळीव कोंबड्यांकडून आलेला रोग. उरलेल्यांत नर जास्त, माद्या थोड्या. १९३२ नंतर तो पक्षी कुणीही पाहिलेला नाही. सगळे एकाच ठिकाणी असले, की एक वाईट साल पुरते. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या सिंहांत १९९४ साली कुत्र्यांचा डिस्टेंपर पसरला आणि सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. गीरमध्ये २०१८ साली तोच विषाणू सापडला, तेव्हा सिंहांना दुसरे घर द्या असे सांगणाऱ्यांना फार काही बोलावे लागले नाही.

नर-मादीचा खेळ तर आणखी निर्दय. पाच पिल्ले झाली आणि पाचही नर निघाले, याची शक्यता बत्तिसात एक. मोठ्या समूहात अशा गोष्टीने काही बिघडत नाही. लहान समूहात ती घडली की संपलेच. कच्छमध्ये २०१८ नंतर माळढोकाचा नरच दिसेना, मोजक्या माद्या तेवढ्या उरल्या. गणनेच्या कागदावर त्या शून्य नव्हत्या, वहीत मात्र शून्यच.

इथे प्राणिसंग्रहालये चित्रात येतात. आपण तिथे मुलांना न्यायचे, माकडांना शेंगदाणे टाकायचे आणि पाटी वाचायची नाही. पण संकटग्रस्त प्राण्यांची पैदास करणाऱ्या प्राणिसंग्रहालयात प्रत्येक प्राण्याची वंशावळ ठेवतात: बाप कोण, आई कोण, कुठून आणला, कुणाशी जोडला. मूळ रानातून आलेल्या प्राण्यांतले नव्वद टक्के आनुवंशिक वैविध्य शंभर वर्षे टिकवायचे, असे त्यांचे सर्वमान्य उद्दिष्ट असते. नुसत्या संख्येने ते साधत नाही. समजा तीस पक्षी आहेत, सत्तावीस माद्या आणि तीन नर. नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण. तीनशे चोवीस भागिले तीस. उत्तर येते पावणेअकराच्या आसपास. म्हणजे पिंजऱ्यात पक्षी तीस, पण आनुवंशिकतेच्या दृष्टीने अकराच. माळढोकासारख्या पक्ष्यात, जिथे दोन-तीन दांडगे नरच बहुतेक माद्यांशी जुगतात, हा धोका रानातही असतो.

वंशावळ न ठेवल्याचे फळ आपल्या देशाने चाखले आहे. चंडीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आशियाई सिंहांचा आफ्रिकी सिंहांशी संकर होऊ दिला गेला. संख्या फुगली, पण दुबळी, रोगट प्रजा निपजली, आणि शेवटी त्यांची पैदास बंद करावी लागली. गीरच्या सिंहाला त्या साऱ्यातला एकही सिंह उपयोगी पडला नाही.

माळढोकाच्या बाबतीत तरी हे शहाणपण वेळेवर वापरले गेले, असे म्हणता येईल. वेळेवर म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. २०१९ साली जैसलमेर जिल्ह्यात सम येथे पैदास केंद्र सुरू झाले. रानातून अंडी उचलायची, यंत्रात उबवायची, पिल्ले हाताने वाढवायची. अबुधाबीच्या होबारा संवर्धन संस्थेने तंत्र दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मले. केंद्रातल्या पक्ष्यांची संख्या आता साठच्या पुढे गेली आहे. थरमधल्या रानात २०१८ च्या मोजणीत १२८ च्या आसपास पक्षी होते. १९६९ साली देशभरात अंदाजे १,२६० होते, हे आठवून हे आकडे वाचा. आणखी दहा वर्षे थांबलो असतो, तर उचलायला अंडीही उरली नसती. नान्नजला पक्षी होते तेव्हा महाराष्ट्राने हे करायला हवे होते. आपल्या सरकारला ते सुचवणारे लोक होते. पण सरकार तेव्हा नकाशावरच्या रेषा आखण्यात आणि पुसण्यात गुंतले होते.

आता जिल्ह्यातला तिसरा प्राणी, बिबट्या, ज्याच्या नावाने आज संध्याकाळी सातनंतर अकोले-संगमनेर-पारनेरचे लोक दार लावून घेतात. अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल जवळपास नाही, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे, आणि तरी शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस. बिबट्यांचे अन्न मुख्यतः कुत्री आणि पाळीव जनावरे. याच अभ्यासकांनी २००९ साली आपल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला पट्टा बांधून माळशेजजवळ सोडले. तो आग्रा महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पार करून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोहोचला. ‘आजोबा’ या नावाने तो पुढे सिनेमातही गेला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाखाली मेला.

बिबट्याबाबत आज मागणी उलटी आहे: कमी करा. माणसे मरतात, लेकरे उचलली जातात, तेव्हा ही मागणी अडाणीपणाची नाही. ज्या आईचे मूल गेले तिला पर्यावरणाचे व्याख्यान देण्याइतका निबरपणा कुणाजवळ नसावा. पण कमी करायचे तरी हिशेब तोच लागतो. जुन्नर भागात २००१ ते २००३ दरम्यान बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तर अभ्यासात दिसले की हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. जागा रिकामी झाली की शेजारचा तरुण बिबट्या तिथे येतो, आणि हलवलेला बिबट्या अनोळखी मुलखात बिथरतो. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात आयुष्य काढणारे बिबटे आपण जिवंत ठेवतो, पण समूहाच्या वहीत ते केव्हाच खर्ची पडलेले असतात. केंद्र सरकारने २०२५ मध्ये मोजक्या माद्यांवर प्रजनन-नियंत्रणाचा प्रयोग करायला परवानगी दिली. प्रयोग म्हणून ठीक. पण किती माद्यांवर, किती वर्षे, आणि बाहेरून येणारे किती, याची आकडेमोड न करता तो केला तर पाच वर्षांनी हातात काही नसेल. माळढोकाला मादी वाचवायची होती, इथे मादीची वीण थोपवायची आहे. दोन्हीकडे लागणारी माहिती एकच: वय, लिंग, जन्म, मृत्यू, मृत्यूचे कारण.

ही माहिती आपल्या जिल्ह्यात रोज तयार होते आणि रोज वाया जाते. रस्त्यावर मेलेला बिबट्या, विहिरीत पडलेला तरस, कालव्यात बुडालेले काळवीट, ऊसतोडीत सापडलेले बछडे. पंचनामा होतो, दहन होते, फाइल बंद. त्या पंचनाम्यात प्राण्याचे अंदाजे वय, नर की मादी, मादी असेल तर पिल्ले पाजत होती का, आणि दातांचा एक फोटो एवढे आले, तर दहा वर्षांत अख्ख्या जिल्ह्याची वही तयार होईल.

म्हणून दोन मागण्या करतो. वनखात्याने या नोंदी तालुकावार, दर वर्षी, सर्वांना पाहता येतील अशा प्रसिद्ध कराव्यात. आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी त्या नोंदी आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी मागून घ्याव्यात. त्यासाठी नवा कायदा नको, नवे अभयारण्य नको, फारसा पैसाही नको. सभागृहात प्राध्यापक बसलेले मला दिसत आहेत. अर्ज कोणाकडे करायचा ते त्यांना ठाऊक आहे. तो या महिन्यात करावा, ही विनंती.